स्कोअर नव्वदीत आल्यावर आयर्नचा सेट कसा निवडावा

गोल्फमध्ये शंभर फटक्यांच्या आत स्कोअर यायला लागला की हात शिवशिवतात. शिकताना घेतलेला आयर्नचा, म्हणजे चपट्या धातूच्या हेडच्या क्लबचा (काठ्यांचा), जुना सेट नकोसा होतो, आणि सोबतचे खेळाडू नवीन काहीतरी दाखवत असतात. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) पंधरा-वीसच्या घरात असताना केलेली ही खरेदी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पैसेही इथेच सगळ्यात जास्त चुकतात. माझे चुकले. दिसायला देखणा, पातळ ब्लेडचा (लहान, सपाट पाठीच्या हेडचा) सेट मी स्टिफ शाफ्टसह (कडक दांड्यासह) घेतला आणि पुढची दोन वर्षं माझा चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) उजवीकडे, दहा यार्ड अलीकडे पडत राहिला. तेव्हा काय तपासायला हवं होतं, ते इथे क्रमाने सांगतो.

१. आधी जुना सेव्हन आयर्न वाचा

दुकानात जाण्याआधी जुना सेव्हन (७ क्रमांकाचा) आयर्न उन्हात धरून बघा. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या क्लबच्या फेसवर (चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) एक चकचकीत, झिजलेला डाग असतो. तो मध्यावर आहे, की हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) सरकलाय? पहिली माहिती इथून मिळते. मग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करने पातळ थर द्या आणि दहा चेंडू मारा. प्रत्येक चेंडू आपली गोल खूण ठेवतो. खुणा एकमेकींवर चढून दहाच्या नाण्याहून थोडा मोठा पुंजका झाला, तर लहान हेडचा विचार करायला हरकत नाही. टोपासून (फेसच्या बाहेरच्या टोकापासून) हीलपर्यंत पसरल्या, तर तुम्हाला चुका सांभाळून घेणारा हेड हवा. यात कमीपणा काहीच नाही. खुणा ग्रूव्हच्या (फेसवरच्या आडव्या खाचांच्या) खालच्या दोन-तीन रेघांवरच असतील, तर मात्र आधी कोचकडे जा. तो दोष नव्या क्लबने जात नाही.

२. हेड

चुका सांभाळणारा हेड म्हणजे कॅव्हिटी बॅक, पाठीमागे पोकळी असलेला. ही वाट रुंद केली ती पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम यांनी. ते जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. क्लबच्या मधलं वजन काढून त्यांनी ते कडेला नेलं. १९८२ साली आलेले पिंग आय-टू आयर्न त्याच विचारातले. यामागचं तत्त्व कावडीसारखं आहे. खांद्यावर भरलेली कावड घेतलेला माणूस झटकन गिरकी घेऊ शकत नाही, कारण वजन दोन्ही टोकांना असतं. तसंच चेंडू टोच्या बाजूला लागला तरी कॅव्हिटी बॅक हातात कमी वळतो, त्यामुळे अंतर आणि दिशा दोन्ही कमी बिघडतात.

सुधारत असलेल्या बहुतेकांनी मधल्या आकाराचा कॅव्हिटी बॅक घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फार रुंद सोल (हेडचा तळ) आणि खूप ऑफसेट (फेस शाफ्टच्या रेषेमागे असणं) असलेले हेड स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, आवरायला मदत करतात. पण तुमचा चेंडू आता उजवीकडून डावीकडे वळू लागला असेल, तर तोच ऑफसेट नडतो. लांब आयर्न (लहान आकड्यांचे) मोठ्या हेडचे आणि छोटे आयर्न (मोठ्या आकड्यांचे) लहान हेडचे, असा मिश्र सेटही बऱ्याच कंपन्या जुळवून देतात, आणि तो उत्तम मार्ग आहे.

फोर्ज्ड की कास्ट, यावर वेळ घालवू नका. फोर्ज्डचं पोलाद मऊ असतं, त्यामुळे लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांमधला कोन) वाकवून घेणं सोपं जातं. खरा उपयोग एवढाच.

३. लॉफ्टचा सापळा

दुकानातला माणूस सेव्हन आयर्न हातात देतो, स्क्रीनवर १६० यार्ड दिसतात आणि आपण हरखतो. त्या क्लबचा लॉफ्ट (फेस मागे किती कललेला आहे तो कोन) विचारा. ब्लेडच्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट साधारण ३४ अंश असतो, तर लांब मारणाऱ्या आजच्या सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांवर येतो. म्हणजे हातात जुन्या मापाचा सिक्स, कधी फाइव्ह आयर्न असतो, फक्त आकडा ७ लिहिलेला.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. वजन खाली असल्याने चेंडू उंच जातो, म्हणून लॉफ्ट कमी करावा लागतो. त्रास होतो सेटच्या शेपटाकडे. अशा सेटचा पिचिंग वेज (कमी अंतराचा, जास्त लॉफ्टचा क्लब) ४३-४४ अंशांचा असतो. बॅगेत त्यानंतर थेट ५६ अंशांचा सँड वेज असेल, तर मध्ये बारा-तेरा अंशांची दरी पडते, आणि ९० ते ११० यार्डांवर तुमच्याकडे पूर्ण स्विंगचा क्लबच राहत नाही. म्हणून पूर्ण सेटचा लॉफ्टचा तक्ता मागा आणि त्याच सेटमधला गॅप वेज (या दोन वेजच्या मधला) हिशेबात धरूनच किंमत करा.

स्क्रीनवर एकूण अंतराऐवजी दोन आकडे बघा: कॅरी (चेंडू हवेतून जातो ते अंतर), आणि चेंडू किती अंशांत उतरतो तो कोन. सेव्हन आयर्नचा चेंडू ४५ अंशांच्या आसपास उतरला तर ग्रीनवर थांबतो. ३८-४० अंशांत उतरला तर पुढे पळतो, मग ते जास्तीचे दहा यार्ड ग्रीनमागच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) जातात. एलपीजीएच्या (अमेरिकेतल्या महिला गोल्फ संघटनेच्या) व्यावसायिक खेळाडूंचा सेव्हन आयर्न सरासरी १४० यार्डांच्या आसपास कॅरी होतो, हे लक्षात ठेवलं की १६० चा मोह सुटतो.

सेटची सुरुवात कुठून करायची, हे फाइव्ह आयर्नने ठरवा. फाइव्ह आणि सिक्सच्या कॅरीत दहा यार्डांचंही अंतर पडत नसेल, तर फाइव्हच्या जागी हायब्रिड (मोठ्या, गोलसर हेडचा क्लब) घ्या. बॅगेत चौदाच क्लब चालतात. त्यातली एक जागा न उडणाऱ्या क्लबला कशाला द्यायची?

४. शाफ्ट: आधी वजन, मग फ्लेक्स

माझी चूक इथली होती. फ्लेक्स म्हणजे शाफ्टचा लवचिकपणा; तो दाखवणाऱ्या आर (रेग्युलर) आणि एस (स्टिफ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक ठरलेलं माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक असू शकतो. वजन मात्र खोटं बोलत नाही. ट्रू टेंपरचा डायनॅमिक गोल्ड एस-३०० साधारण १३० ग्रॅमचा, निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५० जीएच शंभर ग्रॅमच्या आतला, आणि ग्रॅफाइट बहुधा ६० ते ८० ग्रॅमचे. पहिल्या पाच चेंडूंवर निर्णय घेऊ नका. चाळीस चेंडू मारून झाल्यावर, घाम आल्यावर, शेवटचे दहा कसे जातात ते बघा. पंधराव्या-सोळाव्या होलवर तुमचं अंग तसंच असणार आहे. कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट घ्या, वय काहीही असो.

५. लांबी आणि लाय

पाच फूट चार इंचांचा आणि सहा फुटांचा माणूस दुकानातून एकच सेट उचलतो, हे मला अजून पटत नाही. ताठ उभं राहून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. लांबीचा अंदाज त्यावरूनच बांधतात.

लाय तपासायला मार्कर पुन्हा काढा. चेंडूवर जाड उभी रेघ ओढा, ती फेसच्या समोर येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा ग्रूव्हना काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. हीलकडे झुकलं तर उलट. माझा ठसा हीलकडे कलला होता. क्लब दोन अंश उभे करून घेतले आणि उजवीकडचा बराचसा त्रास गेला.

६. सोल आणि आपली जमीन

येरवड्याचं मैदान असो की खारघरचं, जुलैत फेअरवे (खेळाचा मुख्य गवताळ पट्टा) मऊ असतो आणि मे महिन्यात दगडासारखा. खोल डिव्हॉट (फटक्यासरशी उखडलेला मातीचा तुकडा) काढणाऱ्याला पावसाळ्यात रुंद सोल आणि थोडा जास्त बाउन्स (सोलचा जमिनीत रुतू न देणारा फुगवटा) वाचवतो. तोच क्लब मेमधल्या कोरड्या, उघड्या जमिनीवर आपटून उसळतो. म्हणून शक्य असेल तर गवतावरूनच चाचणी घ्या. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी घसरत पुढे येतो आणि फटका चांगला वाटतो. ग्रिप कॉर्डची (रबरात सुताचे धागे गुंफलेली), निदान अर्धी कॉर्डची घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत गुळगुळीत रबर हातात फिरतं.

७. जुना सेट घेत असाल तर

दोन-तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल घ्यायला मी नेहमी सांगतो. सगळे क्लब ग्रिप खाली ठेवून भिंतीला ओळीने उभे करा. हेडची उंची दर क्लबला अर्ध्या इंचाने उतरत गेली पाहिजे. एखादी पायरी चुकली तर शाफ्ट बदललेला किंवा कापलेला आहे. शाफ्टवरची लेबलं सारखी आहेत का बघा, ग्रूव्हवरून नख फिरवा, आणि हेड धरून ग्रिप पिळून पाहा, कुरकुर ऐकू येता कामा नये. नव्या सेटची किंमत अगदीच कमी सांगत असतील तर नकली असण्याची शक्यता मोठी आहे. सिरियल नंबर कंपनीकडून तपासून घ्या.

सेट घरी आला की महिनाभर प्रत्येक क्लबचा कॅरी वहीत लिहा. सँड वेज आणि लॉब वेज (चेंडू सगळ्यात उंच उडवणारा वेज) त्या वहीवरून ठरवा, तोपर्यंत घेऊ नका.