चिनी 'चहा' लिहिताना-बोलताना या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

चिनी शिकायला लागलं की चहाचं अक्षर अगदी सुरुवातीलाच भेटतं आणि मराठी माणूस खूश होतो, कारण उच्चार ऐकला की वाटतं अरे हा तर आपला चहाच, हे काय पाठ करायचं. तिथेच गडबड होते. मी एका चिनी हॉटेलात तीनदा 'चा, चा' म्हणालो आणि वेटर दरवेळी मेन्यूतल्या तळलेल्या पदार्थांवर बोट ठेवत राहिला. त्याची काही चूक नव्हती, मी खरंच 'तळणे' म्हणत होतो.

झालं काय की मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, चहा म्हणजे 'छा', हवा सोडून, आपल्या छत्रीतल्या छ च्या जवळ, फक्त जीभ ट म्हणताना वळते तशी मागे वळवायची. रोमनमध्ये हे 'सीएच'ने लिहितात आणि आपण इंग्रजीच्या सवयीने च वाचतो. पण हवा न सोडता म्हटलेला आवाज तिकडे वेगळाच आहे, तो 'झेडएच'ने लिहितात, आणि त्याच चढत्या सुरात म्हटलं की अर्थ होतो तेलात तळणे. तोंडासमोर तळहात धरून बघा, हवेचा झोत लागला तर छा, नाही लागला तर भजी. नुसता 'सी' लिहिलेला असेल तर तो क पण नाही आणि छ पण नाही, तो 'चोर'मधल्या च ला हवा दिल्यासारखा आहे. चिमणीतला च वेगळा आणि चोरातला वेगळा हे आपल्याला लहानपणापासून येतं, त्यामुळे इथे आपण बऱ्याच लोकांच्या पुढे असतो, फक्त वापरत नाही.

आता सूर. छा चढता पाहिजे, नीट ऐकू आलं नाही की आपण 'काय?' विचारतो तसा वर जाणारा. तोच वरून खाली आपटला तर अर्थ होतो 'हलक्या दर्जाचं', आणि सपाट ठेवला तर काटा-चमच्यातला काटा. म्हणजे यजमानाने कौतुकाने कप पुढे केला आणि तुम्ही ठासून 'छा!' म्हणालात तर बघा काय होतं ते. आणि हाँगकाँगला गेलात तर परत उलटं, कँटोनीजमध्ये हाच शब्द खालच्या सुरात उतरतो, मँडरिनचा चढ तिकडे नेऊ नका.

फोनवर टाइप करताना अजून एक घोळ. 'तपासणे' या क्रियापदाचा उच्चार आणि सूर दोन्ही चहासारखेच आहेत, त्यामुळे एकटं अक्षर टाइप करून पहिला पर्याय दाबला की भलतंच जातं. उपाय सोपा आहे, आख्खा 'हे-छा' म्हणजे चहा पिणे असा टाइप करायचा, मग फोन बरोबर अक्षर देतो, नको असेल तर सुरुवातीचं 'हे' पुसून टाका.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे उगमाची गोष्ट. अक्षरात वर गवताचं चिन्ह, मध्ये छपरासारखा माणूस, खाली झाड, म्हणून 'गवत आणि झाडाच्या मधला माणूस म्हणजे चहा' असं कौतुकाने सांगतात. लक्षात ठेवायला मस्त आहे, जरूर वापरा, पण अक्षर तसं तयार झालेलं नाही. आधी एक दुसरंच अक्षर होतं, उच्चार 'थू', अर्थ कडू भाजी. (आपल्याकडे थू म्हणजे काय ते सांगायला नको, आणि कडू लागल्यावर तेच होतं.) त्यात वरचं गवत अर्थासाठी आणि खालचा सगळा भाग 'यू' हा नुसता आवाज सुचवण्यासाठी. इ.स.पू. 59 मध्ये वांग पाओ नावाच्या लेखकाने लिहिलेल्या एका गुलामाच्या करारात वूयांगला जाऊन 'थू' विकत आणायचं काम आहे, ते सिचुआनमध्ये, आणि बहुतेक अभ्यासक तो चहाच मानतात. मग थांग काळात, आठव्या शतकात, त्या अक्षरातली एक आडवी रेघ गळली आणि चहाला स्वतःचं अक्षर मिळालं, लू यूने चहावरच्या आपल्या ग्रंथात तेच वापरलं आणि ते पक्कं झालं. म्हणजे खालचं 'झाड' हे झाड नाहीच, मोडक्या आवाज-चिन्हाचा उरलेला भाग आहे.

यामुळेच लिहिताना छपराखाली एकच आडवी रेघ. दोन काढल्या की परत थू. चिनी लोक पण इथे अडखळतात बरं का, 'रू ह्वो रू थू' म्हणजे 'आगीसारखं, थूसारखं', एखादं काम धडाक्यात चालू असणं, यात थू म्हणजे एका गवताची पांढरी फुलं. वू राज्याच्या फूचाय राजाने इ.स.पू. 482 मध्ये सैन्याची एक तुकडी पूर्ण पांढरी, एक लाल, एक काळी अशी उभी केली होती, तिथून हा वाक्प्रचार आला. तो घाईत 'आगीसारखं, चहासारखं' असा वाचणारे भरपूर. नुसत्या रेघा मोजून पण भागत नाही, चीनमध्ये चहाच्या नऊ भरतात पण तैवानमध्ये वरचं गवत दोन तुकड्यांत लिहितात म्हणून तिथे दहा.

'जमिनीवरून गेला तो चाय, समुद्रावरून गेला तो टी' हे पण अर्धवट आहे. जुना उच्चार साधारण 'ड्रा'सारखा होता असं भाषातज्ज्ञ मांडतात, चीनच्या फूज्येन प्रांताच्या किनाऱ्यावर त्याचा 'ते' झाला, बाकी बऱ्याच ठिकाणी छा. डच लोकांनी ते नेला, तिथून टी. पण पोर्तुगीज पण जहाजानेच आले ना, ते 1557 पासून मकावमध्ये, कँटोनीज लोकांच्या शेजारी, म्हणून त्यांच्याकडे चा-वालाच शब्द आहे. आपण चहा पितो आणि टी-टाइम पण म्हणतो, दोन्ही किनारे एकाच तोंडात.

ऑर्डर देताना मात्र शब्दाला शब्द लावू नका. आपला ब्लॅक टी म्हणजे तिकडे 'होंग-छा', लाल चहा, आणि 'हेइ-छा' म्हणजे अक्षरशः काळा चहा मागितलात तर आंबवून मुरवलेला वेगळाच प्रकार येईल. शेवंतीच्या फुलांचं गरम पाणी पण छाच, त्यात चहाचं पान नसतं.

जपानीत हेच अक्षर कधी 'चा' तर कधी 'सा' वाचतात, कॅफेला 'किस्सातेन', आणि 'चाइरो' म्हणजे चहाचा रंग, तर तो तपकिरी, हिरवा नाही. 108व्या वाढदिवसाला तिकडे 'चाजू' म्हणतात, कारण अक्षर फोडलं की वरच्या गवतात दोन दहा दिसतात म्हणजे वीस, आणि खाली आठ-दहा-आठ म्हणजे अठ्ठ्याऐंशी. ती गळलेली रेघ परत घातली तर हा हिशोब बसत नाही.