मृगाआधी चर उघडा : पूर उतरल्यानंतरचं उपग्रह चित्र बघून

महापुराचं उपग्रह चित्र म्हटलं की सगळे पूर ऐन भरात असतानाचं चित्र शोधतात. कोल्हापुरात पंचगंगेकाठी प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत काळा पट्टा दिसतो, मोबाईलवरून तो गावभर फिरतो, आणि शेतीला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. एवढ्या पाण्यात मळीचं, म्हणजे नदीकाठचं, रान बुडणारच, त्याला इलाज नाही. पण बराचसा ऊस त्यानंतर गेला. नदी पात्रात परतली आणि रानातलं पाणी आणखी आठ-दहा दिवस जागचं हललं नाही, कारण ते बाहेर काढणारा चर बुजलेला होता.

म्हणून बघायचं ते पूर ओसरल्यानंतरचं चित्र. नदी खाली गेल्यावरही जिथं पाणी दिसतं, तिथं दोष नदीचा नाही. चराचा, रस्त्याखालच्या मोरीचा किंवा शेजारच्या बांधाचा आहे. मृग ७-८ जूनला निघतो. एकदा रान ओलं झालं की जेसीबी आत जात नाही, गेला तर रुततो. म्हणजे हे काम रोहिणीतच उरकायचं.

चित्र कसं काढायचं

कोपर्निकस ब्राउझर ही युरोपची वेबसाइट फुकट आहे, फक्त ईमेलनं खातं उघडावं लागतं. महाभूनकाशा या जमिनीच्या सरकारी नकाशांच्या वेबसाइटवर आपला गट बघून घ्या, मग कोपर्निकसवर तोच तुकडा कोपऱ्या-कोपऱ्यानं आखा. पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांखेरीज काही दिसत नाही, म्हणून सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह निवडा. त्याला ढग आणि अंधार दोन्ही आड येत नाहीत. २०१९ साठी १५ ऑगस्टपासून महिनाअखेरपर्यंतच्या आणि २०२१ साठी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तारखा तपासा. रोजचं चित्र मिळत नाही, दोन चित्रांत १२ दिवसांचंही अंतर पडतं. हाती लागेल ते घ्या. शेजारी त्याच वर्षीचं मे महिन्यातलं चित्र ठेवून ताडून बघा. मे मध्ये करडं आणि ऑगस्टमध्ये काळं दिसणारं ठिकाण कागदावर उतरवा. दोन्ही वर्षी तेच ठिकाण काळं असेल तर तिथलं पाणी कुठं अडतं ते शोधायला उद्याच निघा.

रडार फसवतो ते असं:

सपाट पाणी काळं दिसतं, कारण त्यावर पडलेला किरण पलीकडे निघून जातो, उपग्रहाकडे परत येत नाही. पण उभ्या उसात पाणी साचलं असेल तर किरण पाण्यावरून उसाच्या कांड्यावर आपटून परत येतो आणि ते रान उलट उजळ दिसतं. ऊस फारच दाट असेल तर खालचं पाणी दिसतच नाही. या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची, ती पाल्यातच अडते. (३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहाची एक लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, ती पिकाच्या आत जास्त खोल जाते.) तेव्हा आपलं रान काळं नाही म्हणून पाणी नव्हतं, असं धरू नका. शेजारचं सोयाबीनचं किंवा पडीक रान काळं असेल आणि आपलं त्याच पातळीला असेल, तर पाणी आपल्यातही होतं. उलट राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडकडे भाताची खाचरं काळी दिसतात, तो पूर नव्हे. डोंगराची सावलीही काळी येते. आणि वारा सुटून पाण्यावर लाटा असतील तर पाणीच उजळ दिसतं.

दुसरं चित्र ऑक्टोबरचं, ढग हटल्यावरचं. सेंटिनेल-२ हा साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह निवडा, तो साधारण पाच दिवसांनी येतो. त्याचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. एकरात चाळीसेक ठिपके, त्यातले बांधाकडेचे शेजाऱ्याच्या पिकात मिसळलेले, ते सोडून द्या. दहा गुंठ्यांच्या पट्टीसाठी हे साधन कामाचं नाही. हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, दाट उसात ०.८ च्या पुढं जवळजवळ थांबतो, मग चांगला ऊस आणि फार चांगला ऊस सारखाच दिसतो. त्याऐवजी ओलाव्याचा निर्देशांक लावा. फिकट पट्टा पाटाच्या किंवा चराच्या अंगाला लांबट असेल तर निचरा बघा. विखुरलेल्या ठिगळांसारखा असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, खणून बघा. हा शिवारातला अंदाज आहे, शास्त्र नव्हे, पण कुदळ कुठं मारायची ते कळतं.

शिरोळ, हातकणंगल्याच्या क्षारपड पट्ट्यात एप्रिलचं चित्रही काढा. मोकळ्या रानात पांढरे डाग दरवर्षी पसरत असतील तर वरचा चर पुरणार नाही, जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांचा विचार करावा लागेल. ते काम एकट्याच्या गटात होत नाही. पाणी सोडायला ओढा लागतो, आणि ओढा सगळ्यांचा असतो.

चर

गुगल अर्थवर दिसणाऱ्या उंचीवर चराचा उतार ठरवू नका. त्या आकड्यांत काही मीटरची चूक असते आणि आपला हिशेब इंचात आहे. ५० फूट पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, दोन टोकांना दोन माणसं उभी करा आणि दोन्हीकडची पाण्याची पातळी ताडून उतार काढा. १०० फुटांना दीड-दोन इंच उतार मिळाला तरी पुष्कळ. काळ्या मातीच्या रानात चर अडीच-तीन फूट खोल आणि तोंडाला रुंद हवा; काठ उभे कापले तर पहिल्याच मोठ्या पावसात ढासळतात.

जेसीबीवाला निघालेली माती काठावर लांबच लांब ओढून ठेवतो. दिसायला चर झकास, पण त्या मातीचाच बांध होतो आणि रानातलं पाणी चरात उतरत नाही. दर ३०-४० फुटांवर माती फोडून वाट करा. हे एवढं राहिलं म्हणून नव्या चराशेजारीच पिवळा पडलेला ऊस जागोजागी दिसतो.

काम खालच्या टोकापासून सुरू करा. आधी ओढ्याचं तोंड, मग रस्त्याखालची मोरी, मग आपला चर. मोरीत पाचट, प्लास्टिक आणि गाळ गच्च असतो. बांबू घालून आरपार जातो का बघा. वरून चर उकरत आलात आणि मोरी बंद निघाली, तर ते पाणी खालच्याच्या रानात जाणार आणि भांडण वाढणार. सामाईक चरात कुणी सरी ओढली असेल तर उपग्रहाचं चित्र छापून गटातल्या सगळ्यांसमोर ठेवा. तोंडी बोलून जे मिटत नाही ते कधी कधी चित्रानं मिटतं.

बाकीची कामं:
– कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) निघाले का, पाटबंधारे शाखेत विचारणं
– नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी आणि पेट्या वर घेण्यासाठी साखळी, दोर, माणसं ठरवणं
– वैरण आणि खत उंचावर हलवणं
– हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी कडुनिंब, बाभळीजवळ प्रकाश सापळे
– मळीच्या रानात आडसाली लावणीऐवजी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची पूर्वहंगामी लावण. पाणथळ, क्षारपड जागी फुले २६५ हा उसाचा वाण

पाणी चढताना उपग्रहावर विसंबू नका

चित्र हाती येईपर्यंत पाणी गोठ्यात आलेलं असतं. तेव्हा राजाराम बंधाऱ्याची पातळी धरा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कृष्णाकाठच्या शिरोळकरांनी सांगलीच्या आयर्विन पुलाची धरावी: ४० आणि ४५. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, त्यांना कुणाचा हुकूम लागत नाही. किती दरवाजे उघडले ते रोज बघा. दोन्ही महापूर पुष्य-आश्लेषातले होते. २० जुलै ते १५ ऑगस्ट या दिवसांत मोटारीचं काम उद्यावर ढकलायचं नाही.

पाणी ओसरल्यावर

पहिली फवारणी नव्हे, पहिलं खोरं. सऱ्यांची तोंडं फोडून पाणी चरात घ्या. मग मुळी बोटांत धरून ओढा: साल हातात आली, काळी दिसली, सडक्या अंड्याचा वास आला तर मुळी गेली. शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल तर ऊस बहुधा सावरतो. शेंड्याच्या सुरळीमध्ये गाळ बसून ती ओढताच हातात आली तर तो ऊस लवकर तोडणीला द्यायच्या तयारीला लागा. वाफसा आल्यावर, म्हणजे रान काम करण्याइतपत सुकल्यावर, २ टक्के युरिया, म्हणजे १०० लिटर पाण्याला २ किलो, फवारा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, १०० लिटरला ५०० ग्रॅम. पोक्का बोंग हा शेंड्याचा बुरशीजन्य रोग दिसला तर लिटरला कार्बेन्डाझिम १ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड २ ग्रॅम किंवा मॅन्कोझेब ३ ग्रॅम; गरज पडल्यास १०-१२ दिवसांनी औषध बदलून पुन्हा.

याच दिवसांत दुकानात पूरग्रस्त उसासाठी म्हणून टॉनिकचे डबे येतात. पाण्यात गुदमरलेली मुळी त्या डब्यातलं ह्युमिक ॲसिड पीत नाही. तसेच एकरी पैसे घेऊन मोबाईलवर रंगीत नकाशा देणारेही येतात. त्यातले बरेच नकाशे याच फुकटच्या चित्रांवर केलेले असतात. नकाशात लाल डाग दिसला की खालोखाल खताची यादी येते. डाग पीक खंगल्याचं सांगतो, का खंगलं ते नाही. लाल डागावर पाणी उभं असेल तर तिथं टाकलेलं नत्र पाण्याबरोबर जातं किंवा हवेत उडतं. यादी खिशात ठेवा, डागावर जाऊन एक फूट खड्डा घ्या. तळाला पाणी पाझरलं तर तो पैसा जेसीबीच्या तासांना द्या.