लिनक्स सुरू होताना दीड मिनिट अडकत होतं, ते असं सुटलं

बूट होताना ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि शेजारी 1 मिनिट 30 सेकंदांचा काउंटर. सर्व्हिसेस बंद केल्या, कर्नल बदलला. ढिम्म फरक नाही. अगदी वीट आला. कशाला किती वेळ लागला हे दाखवणारी ‘सिस्टमडी-ॲनालाइज ब्लेम’ ही कमांड इथे कामाची नाही, सुरूच न झालेली युनिट (बूटमधली सर्व्हिस, डिव्हाइससारखी कामं) त्यात येत नाहीत.

बूटचा लॉग दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल -बी’मध्ये सापडलं: ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’, पुढे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख-क्रमांक. ‘सुडो बीएलकेआयडी’ने दाखवलेल्या, जोडलेल्या पार्टिशनच्या यादीत तो नव्हता. मग ईटीसी डिरेक्टरीतल्या एफएसटॅबची (बूट होताना काय माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, त्या यादीची) प्रत काढली, त्या यूयूआयडीच्या ओळीआधी हॅश (#) टाकून ती ओळ निष्क्रिय केली, ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने फाइल तपासली आणि रीबूट केलं. थांबणं गेलं.

डिस्क अधूनमधून जोडत असाल तर ओळ ठेवून पर्यायांत ‘नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=5एस’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. फक्त सांभाळा: डिस्क नसताना माउंटच्या डिरेक्टरीत (डिस्क जिथे दिसते तिथे) कॉपी केलेलं सगळं रूट, म्हणजे मुख्य, पार्टिशनवर जाऊन बसतं.