हॉटेलात कॅप काढा, आजोबांची टोपी राहू द्या
कोल्हापुरात मटण थाळी खायला बसलाय ना, मग उन्हासाठी घातलेली क्रिकेट कॅप आत आल्यावर काढा, आणि टेबलावर नका ठेवू हां, घामाची असते ती, तांबड्या रश्श्याच्या वाटीशेजारी दिसली की समोरच्याला किळस येते, त्यापेक्षा मांडीवर नाहीतर पिशवीत ठेवा. हेल्मेट खुर्चीखाली. पण गावाकडनं आलेल्या आजोबांना गांधी टोपी काढा म्हणून अजिबात सांगायचं नाही, टोपी असो नाहीतर फेटा, आपल्याकडं तो मान आहे, चारचौघात डोकं झाकून बसायची त्यांची रीतच आहे, हॅट काढायचा साहेबी नियम त्यांना लावू नका. आणि केमोमुळं केस गेलेत म्हणून कुणी टोपी घालून जेवत असेल तर तिकडं टक लावून बघू पण नका, प्लीज.