आलेला व्हिडिओ कसा तपासावा : गोपनीय शाखेतल्या एका जुन्या हवालदाराची पद्धत

पोलीस खात्याच्या गोपनीय शाखेत माझी बरीच वर्षं गेली. लोकांना वाटतं, हा माणूस काळा चष्मा लावून कुणाच्या तरी मागावर फिरत असणार. खरं काम असं होतं : सकाळी पेपरांचा गठ्ठा, कात्री, खळ आणि फुलस्केप कागद. ऊसदराची सभा, उपोषण, गावातली तेढ, जे छापून आलं असेल ते कापायचं, चिकटवायचं आणि समासात तारीख घालायची. मग स्टँडवरच्या टपरीवर चहा. संध्याकाळी सभेत मागच्या रांगेत बसून कोण काय बोललं आणि माणूस किती जमलं होतं ते टिपायचं. खबरे होते, नाही असं नाही. पण बहुतेक माहिती उघड्यावरच पडलेली असायची. बीबीसीनं १९३९ पासून परदेशी रेडिओ ऐकायला माणसं बसवली, १९४१ मध्ये अमेरिकेनंही तेच सुरू केलं. ते लोक आणि आम्ही कात्रणवाले, जात एकच.

इंटरनेट आल्यावर माहिती शोधत हिंडायचं काम संपलं. ती आता आपणच खिशात येऊन पडते. राहिली ती खातरजमा. तिची रीत गेल्या पावसाळ्यातल्या एका क्लिपवरून सांगतो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर सकाळी व्हिडिओ आला : शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, ट्रकांची रांग, खाली मजकूर 'आत्ताच आलेला, कोल्हापूर तुटले'.

आधी क्लिप फोनमध्ये जपून ठेवा. कुणी, किती वाजता, कुठल्या ग्रुपवर टाकली ते वहीत लिहा. लोक पुसून टाकतात, मग हातात काही राहत नाही. फोटो असेल तर मूळ काढणाऱ्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख-वेळ गळून पडते.

मग व्हिडिओ थांबवत थांबवत चार-पाच स्क्रीनशॉट घ्या. पाटी, पूल, दुकान, डोंगर दिसेल अशा जागी थांबा. माणसांच्या चेहऱ्यांचा उपयोग नाही. वर चिकटवलेला मजकूर कापा आणि चित्र गूगल लेन्सला द्या, टिनआयला द्या; तेच चित्र नेटवर आधी कुठं आलंय ते या साइट शोधून देतात. टिनआयवर सगळ्यात जुनं आधी दाखवायची सोय आहे, तेच आपल्याला हवं असतं. माझ्या तिसऱ्या स्क्रीनशॉटला २०२१ च्या जुलैतली बातमी लागली. ट्रक तेच, पाणी तेच.

जुनी प्रत सापडली म्हणून तिथंच थांबू नका, पुरी प्रत शोधा. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची म्हणून देशभर फिरलेली एक क्लिप कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ जाहिरातीत मोटारसायकलवाले पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी उडवला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असल्याच अफवेवरून भिक्षेकरी समाजातली पाच माणसं जमावानं मारली. त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

आता जागा. गाड्यांच्या पाट्या बघा : एमएच ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा. पण एस.टी.च्या नंबरावर जाऊ नका. दापोडीच्या एस.टी. कारखान्यात बांधलेली गाडी एमएच १४ घेऊन येते, चिकलठाण्याची २०, आणि मग ती राज्यभर कुठंही धावते. आमच्या ग्रुपवर एक शहाणा १४ बघून 'हे तर पिंपरी-चिंचवडकडचं' म्हणाला होता. गाडीच्या अंगावर आगाराचं नाव असतं, ते वाचा.

पाटीच नसेल तर डोंगराची कड. २०१८ मध्ये कॅमेरूनच्या सैनिकांनी दोन बायका आणि दोन लेकरांना गोळ्या घातल्याचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा सरकारनं आधी हात झटकले. बीबीसीच्या पत्रकारांनी मागं दिसणारी डोंगराची रेघ गूगल अर्थवर जुळवली आणि जागा काढली : उत्तर कॅमेरूनमधल्या झेलेव्हेट गावाजवळची. चालणाऱ्या माणसांच्या सावल्या मोजल्या. उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांत कुठलं घर कधी उभं होतं तेही पाहिलं. त्यावरून तारीख २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या दरम्यान आणून बसवली. आमच्या काळात एवढं करायला आख्खं खातं लागलं असतं, आणि तरी झालं नसतं. सावलीचं गणित सनकॅल्क नावाच्या साइटवर तुम्हालाही करता येतं : नकाशावर जागा धरा, तारीख-वेळ घाला, सावली कुठं पडेल ते दिसतं.

उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या साइटवर फुकट मिळतात. त्यातल्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण पाच दिवसांनी येतात, पण त्यात एक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे माणूस किंवा गाडी ओळखण्याची आशा नको. शिवाय आपल्याकडं आषाढ-श्रावणात नुसते ढगच दिसतात. पुरासाठी सेंटिनेल-१ घ्या. ते रडार आहे, ढगांतून पाहतं आणि साचलेलं पाणी काळं दाखवतं.

कोल्हापूरकराला मात्र एवढ्या लांब जायची गरजच नव्हती. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. इशारा ३९ फूट, धोका ४३. महामार्गावर पाणी यायला धोक्याच्याही पुष्कळ वर जावं लागतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पातळी ५५ च्या वर गेली होती. त्या सकाळी ती इशाऱ्याच्याही खाली होती.

शेवटी दुसरा साक्षीदार. दहा ग्रुपवर आलेली एकच क्लिप म्हणजे साक्षीदार एकच. आमचे साहेब म्हणायचे, एकाच टपरीवर चहा पिणारे दोन खबरे हे एक धरायचे. मी ते एकदा विसरलो. मोर्चाला पाच हजार माणूस येणार असं दोघांनी सांगितलं, मी तसंच वर कळवलं, दुपारी मैदानात तीनशेही नव्हते. दोघांना सांगणारा मंडपवाला एकच होता.

एक खबरदारी उलट बाजूनं. आपणही खुणा टाकत असतो. स्ट्राव्हा या धावण्याच्या अॅपनं २०१७ च्या नोव्हेंबरात आपली माणसं कुठं कुठं धावतात त्याचा जगाचा नकाशा काढला. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाडीत सैनिकी तळांच्या कडा उजळल्यात. जवान रोज सकाळी धावत होते, एवढंच. २०२२ च्या २४ फेब्रुवारीला पहाटे बेल्गोरोडहून युक्रेनच्या सीमेकडं जाणाऱ्या रस्त्यावर गूगल मॅप्सनं वाहतूक कोंडी दाखवली, ती पाहून अमेरिकेतल्या संशोधकांनी रशियन फौज हलल्याचं ओळखलं. तेव्हा मुलीच्या शाळेच्या गणवेशातला फोटो रोज त्याच फाटकासमोर काढून टाकू नका. आणि ही सगळी विद्या शेजाऱ्याच्या घरात डोकवायला वापरू नका. आम्हालाही त्याला वरच्या परवानगीचा कागद लागायचा.

त्या दिवशी ग्रुपवर मी एवढंच लिहिलं : 'जागा आपलीच. साल २०२१. आज पातळी इशाऱ्याखाली.' वहिनींनी लगेच विचारलं, "मग भावजी, पोरगी पुण्याहून निघाली तर चालेल न्हवं?" म्हटलं थांबा, आणि सांगली फाट्याजवळच्या एका ओळखीच्या पंपवाल्याला फोन लावला.

"रस्ता कोरडा हाय, हवालदारसाहेब," तो म्हणाला. "पर तुम्ही आज पाचवं. सकाळधरनं पेट्रोल कमी आन् चौकशाच जास्त चालल्यात."