होडीच्या डिझेल टाकीत कपॅसिटिव्ह सेन्सर बसवताना

हा सेन्सर नळीतल्या द्रवाच्या उंचीप्रमाणे बदलणारी विद्युत धारिता (कपॅसिटन्स) मोजून टाकीत किती डिझेल आहे ते दाखवतो. त्याची नळी टाकीच्या तळाला टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. कोकणातल्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी धरतं आणि जड असल्यानं तळाशी बसतं. डिझेलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थामुळे धारिता किती पट वाढते तो आकडा) साधारण 2, पाण्याचा 80. थोडं पाणी नळीत शिरलं तरी काटा भलताच वर जातो. पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटण्याआधी तळाचं पाणी काढाच.

टाकीचा तळ निमुळता असतो, म्हणून रिकाम्या टाकीत 10-10 लिटर ओतत प्रत्येक वेळचा आकडा टिपा. लाटांवर आकडा नाचतो. 30 सेकंदांची सरासरी दाखवा.

अर्थची वायर टाकीच्या बोल्टला नको, खाऱ्या हवेनं तो जोड गंजतो. कथील चढवलेली तांब्याची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या.