आधी मागची बाजू दाखवा

आमची स्विफ्ट 2013 ची. सोसायटीच्या खांबाला लागून तिचं मागचं दार चेपलं, तेव्हापासून मी जुने पार्ट मोबाइलवरून घेतो आणि उरलेले विकतोही. पहिलं दार फोटोवर भाळून घेतलं. वरून चकाचक, आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली. पेंटरने बोटाने टकटक केलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

आता माझा पहिला मेसेज ठरलेला: "डोअर पॅड (दाराचं आतलं अस्तर) काढून मागची बाजू दाखवा." ठोकल्याच्या खुणा, वेल्डिंग, गंज तिथे लपत नाहीत. खालची कड आणि पाणी निघायची भोकं जवळून मागायची. प्रत्यक्ष जाणार असाल तर फ्रीजवरचं चुंबक पातळ फडक्यातून पत्र्यावर फिरवा; पकड ढिली झाली की समजा, लांबी. बंपर प्लास्टिकचा, तिथे चुंबक कामाचं नाही, बसवायचे कान मोजा. हेडलाइटचंही तेच. काच लखलखीत पण बसवायचा एक कान तुटलेला, असा दिवा खड्ड्याखड्ड्याला थरथरतो.

डावं-उजवं लिहू नका. गाडीसमोर उभं राहिलं की ते उलटं होतं. "ड्रायव्हर साइड", "कंडक्टर साइड" म्हणा, गॅरेजवाल्यालाही तेच कळतं. साल तर हवंच. स्विफ्ट 2005 मध्ये आली, मग 2011, 2018 आणि 2024 मध्ये पूर्ण बदलली. माझ्या गाडीला 2012 चं दार चालतं, 2010 चं नाही. नुसता पत्रा की काच, लॉक, मोटरसकट, हे भाव करण्याआधी विचारा. रंग जुळेल म्हणून जादा पैसे मात्र देऊ नका. दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या दोन पांढऱ्या गाड्या सारख्या पांढऱ्या राहत नाहीत.

एअरबॅग आणि सीटबेल्ट जुने घ्यायचेच नाहीत. काचेवर भलत्याच गाडीचा नंबर कोरलेला दिसला आणि विकणारा बिल द्यायला कां-कू करू लागला, तर माल चोरीचा असू शकतो, फोन ठेवा.

विकताना ओरखडा आपणच दाखवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. "मी लष्करात आहे, कोड स्कॅन करा, पैसे येतील," म्हणणारे दर वेळी एक-दोन भेटतातच. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. फसलातच तर लगेच 1930 ला फोन.

लांबचं गिऱ्हाईक असेल तर ट्रान्सपोर्टने "टू पे" पाठवतो, भाडं तोच भरतो. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो त्याला लगेच. पत्र्याचे कोपरे आधी चेपतात, त्यांना जुनं कापड गुंडाळा. नगरला फेंडर पाठवताना मी घरातली गोधडी वापरली होती. परत पाठवा म्हणून सांगितलं होतं, बायको अजून विचारते.